एल्बेकाठच्या दोन भेटी : श्ट्रेला आणि टोरगाउ

25 एप्रिल 1945 रोजी जर्मनीतील एल्बे नदीवर अमेरिकी व सोव्हिएत सैन्यांची गाठ पडली, असे आपण वाचतो. प्रत्यक्षात त्या दिवशी अशा दोन भेटी झाल्या आणि इतिहासाने दुसरीलाच मान दिला.

पहिली भेट श्ट्रेलाजवळ दुपारच्या सुमारास झाली. अमेरिकी लेफ्टनंट कोत्सेब्यू यांची तुकडी नावेतून पूर्व काठावर उतरली, तेव्हा तेथे मारल्या गेलेल्या जर्मन नागरिकांचे मृतदेह पडलेले होते, त्यांत मुलेही होती. त्या मृतदेहांच्या सान्निध्यातच दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी पुन्हा युद्ध होऊ न देण्याची शपथ घेतली. मात्र वरिष्ठांना कळवलेले ठिकाण चुकीचे निघाले.

टोरगाउची भेट काही तासांनी, दुपारनंतर झाली. लेफ्टनंट रॉबर्टसन यांनी औषधाच्या दुकानातील रंगांनी चादरीवर अमेरिकी झेंडा रंगवून तो किल्ल्याच्या बुरुजावरून फडकवला. तरीही पलीकडून सोव्हिएत गोळीबार झालाच, आणि सुटका झालेल्या एका रशियन युद्धकैद्याने ओरडून ओळख पटवल्यावरच तो थांबला. मग उद्ध्वस्त पुलाच्या वाकलेल्या लोखंडावरून सरपटत ते सोव्हिएत लेफ्टनंट सिल्वाश्को यांना भेटले. रॉबर्टसन सोव्हिएत प्रतिनिधींना सोबत घेऊनच मुख्यालयात परतले आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रकारांसाठी पुलावरील हस्तांदोलन मुद्दाम घडवून आणण्यात आले.

अधिकृत मान टोरगाउला मिळाला हे समजण्यासारखे आहे, तरी माझ्या मते युद्धाचा खरा चेहरा श्ट्रेलाच्या काठावरच दिसतो. तेथे शपथ घेणाऱ्यांपैकी अमेरिकी सैनिक जो पोलोव्स्की यांनी ती आयुष्यभर पाळली. 1983 मध्ये त्यांचे दफन मात्र त्यांच्याच इच्छेनुसार टोरगाउला झाले.