लायसन्स आता लागत नाही, असं मला सांगितलं होतं

आठ-दहा फूट वाढलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरलं की पानांनी हात-गाल कापून निघतात आणि निम्मं औषध आपल्याच अंगावर पडतं. आमच्या वाळवा तालुक्यात ज्यानं हे काम केलंय, त्याला फवारणीचा ड्रोन म्हणजे काय चीज आहे ते समजावून सांगावं लागत नाही. म्हणून 2024 च्या पावसाळ्यात मोबाइलवर जाहिरात दिसली तेव्हा मी लगेच फोन लावला. तीन दिवसांत ड्रोन पायलट, सरकारमान्य, नोकरीची हमी. फी 42 हजार.

पलीकडचे सर धडधडीत खोटं बोलले असते तर कदाचित मी वाचलो असतो. ते अर्धं खरं बोलायचे. "लायसन्स आता लागत नाही, सरकारनं काढून टाकलंय. शोधून बघा." मी शोधलं, तर बातमी खरी निघाली. फेब्रुवारी 2022 मध्ये ड्रोन नियमांत दुरुस्ती झाली आणि 'रिमोट पायलट लायसन्स' गेलं. त्याच्या जागी 'रिमोट पायलट सर्टिफिकेट' आलं आणि ते डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेली प्रशिक्षण संस्थाच देऊ शकते, हे त्याच बातमीतलं पुढचं वाक्य. ते मी वाचलंच नाही. सर म्हणाले होते, "सर्टिफिकेट तर आपण देतोच की!"

दुसरं अर्धसत्य वजनाचं. "दोन किलोपर्यंत काहीच लागत नाही." सर्टिफिकेटपुरतं तेही खरं, पण अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन हौसेसाठी उडवत असाल तरच. पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग करायचं म्हटलं की सर्टिफिकेट आलंच. शिवाय मला उडवायचा होता फवारणीचा. दहा लिटरची टाकी भरल्यावर तो वीस-पंचवीस किलोच्या घरात जातो, म्हणजे 'स्मॉल' या वर्गात, आणि सर्टिफिकेटवर वर्ग लिहिलेला असतो. हलक्या ड्रोनवर शिकून जड ड्रोन चालवता येत नाही. हे तीन दिवसांत कुणी उच्चारलंही नाही.

क्लास पुण्यात एका मंगल कार्यालयात होता. सव्वीस जण आणि एक लॅपटॉप. त्यावरच्या सिम्युलेटरपुढे रांग लावायची. माझ्या वाट्याला दहाएक मिनिटं आली असतील. तिसऱ्या दिवशी आम्हाला विमाननगरच्या बाजूला एका मैदानावर नेलं आणि खेळण्याएवढा ड्रोन आळीपाळीनं हातात दिला. डोक्यावरून विमान गेलं की आम्ही टाळ्या वाजवत होतो! सरकारच्या नकाशावर लोहगाव विमानतळाभोवतीचा तो सगळा पट्टा लाल आहे, तिथं परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही, हे नंतर कळलं. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, आणि विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा दोनशे फुटांची. उड्डाणाआधी नकाशा उघडायचा, हा खरं तर पहिल्या दिवशीचा पहिला धडा.

सर्टिफिकेट मात्र देखणं. सोनेरी किनार, तिरंग्याची पट्टी, खाली आयएसओ आणि एमएसएमई अशी अक्षरं. अण्णांनी ते फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलं. एमएसएमई म्हणजे लघुउद्योगाची उद्यम नोंदणी, ती कुणालाही घरबसल्या फुकट करता येते आणि तिचा ड्रोन उडवण्याशी काही संबंध नाही, हे आम्हाला कोण सांगणार? त्याच भरात सरांनीच सुचवलेल्या फवारणी ड्रोनसाठी 60 हजार टोकन भरलं. पावती मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा आला.

भांडं फुटलं ते साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागात. फवारणीचं काम मागायला फाइल घेऊन गेलो होतो. तिथल्या साहेबांनी तीन गोष्टी विचारल्या: रिमोट पायलट सर्टिफिकेटचा नंबर, ड्रोनचा नोंदणी क्रमांक म्हणजे यूआयएन, आणि थर्ड पार्टी विमा. मी फ्रेममधून काढून आणलेला कागद पुढे केला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बाळ, हे क्लासला बसल्याचं सर्टिफिकेट आहे." मग टोकन दिलेल्या ड्रोनचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मान्यता असल्याचा दाखला, आहे का विचारलं. त्या मॉडेलला ते नव्हतंच. ते नसेल तर यूआयएन मिळत नाही, आणि यूआयएन नसेल तर तो ड्रोन गोठ्यात ठेवायच्या लायकीचा.

सरांचा फोन आधी 'मीटिंगमध्ये आहे' म्हणायचा, मग बंद झाला. पैसे संस्थेच्या नव्हे, एका बाईंच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयनं गेले होते, ही गोष्टसुद्धा तेव्हाच नीट पाहिली. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे 1930 वर, तक्रार केली, पण दोन महिने उलटून गेले होते. तिथं पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे अडवता येतात. ग्राहक हेल्पलाइनवरही, म्हणजे 1915 वर, नोंद केली आणि वकिलाची नोटीस पाठवली. त्यानंतर 15 हजार परत आले. बाकीचे अजून यायचेत.

पुढच्या वर्षी पुन्हा शिकलो. या वेळी आधी डीजीसीएच्या यादीत संस्थेचं नाव आणि पत्ता जुळवला, 'स्मॉल' वर्गाची मान्यता आहे का ते पाहिलं, आणि ज्या ड्रोनवर शिकवणार त्याचा यूआयएन फोनवरच मागितला. त्यांनी न कुरकुरता दिला. आठवडाभर शेतात उभं राहून हात बसवला, परीक्षा झाली. आलेला कागद अगदी साधा आहे, फ्रेम करावा असा नाही. त्यावरचा नंबर मात्र सरकारी पोर्टलवर दिसतो.

जुनी जाहिरात वेगळ्या नावानं अजून फिरते आहे. तिच्यात 'आमचे यशस्वी पायलट' म्हणून हातात रिमोट धरून हसणारा नारंगी जॅकेटमधला जो मुलगा दिसतो, तो मी आहे.