झेडडिफ३ आणि रेरेरे : गिटमधल्या दोन सेटिंग्ज, आठ महिन्यांनंतर

आमच्या टीममध्ये सहा जण, कोडमधले बदल सांभाळायला गिट वापरतो. फीचर ब्रँच (नव्या कामाची वेगळी शाखा) दोन-तीन आठवडे रेंगाळते आणि मेनमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत, मर्ज करताना (मिसळताना) कॉन्फ्लिक्ट ठरलेलाच, म्हणजे एकाच जागी दोघांचे वेगळे बदल. आठ महिन्यांपूर्वी मी कॉन्फ्लिक्ट स्टाइल (कॉन्फ्लिक्ट कसा दिसावा ते) झेडडिफ३ (zdiff3) केली आणि रेरेरे (rerere) चालू केलं.

झेडडिफ३ गिट २.३५ पासून, म्हणजे २०२२ पासून मिळतं. एरवी कॉन्फ्लिक्टमध्ये दोनच बाजू दिसतात, आपली आणि समोरच्याची. यात मधे तिसरा तुकडाही दिसतो, दोघांनी हात लावण्याआधीचा मूळ कोड. मागच्या महिन्यातलंच सांगतो. फ्री डिलिव्हरीची मर्यादा माझ्या बाजूला ५००, समोर ३००, आणि समोर खाली कराची एक ओळ जास्त. नुसत्या दोन बाजू बघून कळेना, ५०० चे ३०० कुणी केले की ३०० चे ५००. मूळ तुकड्यात ३०० होते. म्हणजे मर्यादा मी वाढवलेली, सहकाऱ्याने फक्त कराची ओळ घातलेली. ५०० ठेवले, कराची ओळ घेतली, अर्ध्या मिनिटात काम झालं. पूर्वी अशा वेळी मी सरळ त्याला फोन लावायचो.

रेरेरे तुम्ही कॉन्फ्लिक्ट कसा सोडवला ते लक्षात ठेवतं आणि तोच परत आला की तसाच सोडवून देतं. लांबलेली ब्रँच पुन्हापुन्हा रिबेस करणाऱ्याला (आपले बदल नव्या मेनवर परत चढवणाऱ्याला) याची किंमत कळेल. पण ते चूकही तितक्याच इमानाने लक्षात ठेवतं. एकदा मी घाईत चुकीची बाजू ठेवून कमिट केलं (गिटमध्ये नोंदवलं), लक्षात आल्यावर रिसेट मारून (ते मागे घेऊन) परत मर्ज केलं, तर तीच चूक आपोआप हजर! तेव्हा रेरेरे फरगेट ही कमांड आणि फाइलचा पाथ देऊन ती पुसावी लागली. म्हणून ऑटोअपडेट, म्हणजे अशी सोडवलेली फाइल आपोआप ॲड होणं (पुढच्या कमिटमध्ये घेतली जाणं), मी बंदच ठेवलंय. सोडवलेली फाइल डोळ्यांखालून घालतो, मगच ॲड करतो. शिवाय ही आठवण आपल्याच मशीनवर राहते, पुश केल्याने (कोड सर्व्हरवर पाठवल्याने) टीमला मिळत नाही.

आणि एक, कॉन्फ्लिक्ट आला नाही म्हणजे मर्ज बरोबर झालं असं नाही. एकाने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने जुन्या नावाने नवा कॉल लिहिला, तर गिट गप्पच राहतं. मर्जनंतर टेस्ट चालवायलाच हव्यात. रोज सकाळी मेन आपल्या ब्रँचमध्ये ओढून घ्यायची सवय मात्र या दोन्ही सेटिंग्जपेक्षा जास्त कामी आली.

टीममध्ये नवीन कुणी आलं की झेडडिफ३ मी पहिल्याच दिवशी लावून देतो. रेरेरे महिनाभराने, कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवायची सवय झाल्यावर.