कडू करांदे: पेणच्या बाजारातला वाटा आणि ऑनलाइन मागवलेला चूर्णाचा डबा

दोन्ही घेतले, दोन्हींबद्दल लिहिते.

कार्तिकात पेणच्या बाजारात एक कातकरी मावशी गोणपाटावर करांद्यांचे वाटे लावून बसल्या होत्या. लिंबाएवढ्यापासून बटाट्याएवढे, तपकिरी, अंगावर बारीक फोड. हे करांदे वेलीवर, पानांच्या बेचक्यात धरतात. नखाने साल खरवडली तर खाली हिरवट थर आणि आत पिवळा गर. ताजा माल. पन्नास रुपयांना वाटा.

"ताई, घरात चूल हाय का?" मावशींनी विचारलं. गॅस आहे म्हटल्यावर त्यांनी पळसाच्या पानात मूठभर राख बांधून दिली. वर बजावलंही, "राखेत उकडायचं, साल काढून चकत्या करायच्या, रातभर पाण्यात ठेवायच्या. तसंच खाल्लं तर घशाखाली उतरायचं नाय."

तसंच केलं. पहिलं पाणी इतकं कडू की बोट चाटून तोंड धुवावं लागलं. रात्रीत चार वेळा पाणी बदललं, सकाळी पुन्हा एक उकळी काढून तेही पाणी ओतून दिलं. मग हिरवी मिरची, जिरं, ओलं खोबरं. कडवटपणा मेथीइतकाच उरला होता आणि गर उकडलेल्या बटाट्यापेक्षा घट्ट. आईने भाजी दोनदा मागून घेतली, यातच सगळं आलं.

आता डबा. नाव 'वाराहीकंद चूर्ण'. हा याच वेलीचा जमिनीतला कंद. त्यावरची मुळं रानडुकराच्या राठ केसांसारखी, म्हणून वाराही. आयुर्वेदात तो रसायन, म्हणजे शरीराला बळ देणारं औषध, म्हणून मान्य आहे, ऋद्धी-वृद्धी या दुर्मिळ औषधी वनस्पती मिळत नाहीत तेव्हा त्यांच्या जागी हाच वापरतात. पण डब्यावर 'डायोस्कोरिया बल्बिफेरा' हे शास्त्रीय नाव नाही, शोधन, म्हणजे औषधातला घातक अंश काढण्याची प्रक्रिया, केलं की नाही याचा उल्लेख नाही, फक्त 'रोज दोन चमचे, ताकदीसाठी'. हे मला अजिबात पटलं नाही. या कंदातला कडूपणा डायोसबल्बिन नावाच्या द्रव्यांचा, आणि त्यातलं डायोसबल्बिन-बी यकृताला घातक आहे. चीनमध्ये हाच कंद गलगंडावर देतात, तिथे यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. मी चिमूटभर जिभेवर ठेवलं: ते पहिलं पाणी जसं लागलं होतं, अगदी तसंच. विक्रेत्याला दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. डबा परत केला. औषध म्हणून घ्यायचं असेल तर वैद्याला विचारूनच घ्या, असा डबा बघून नको.

करांद्यांना पाचपैकी पाच. एकच अडचण, आदल्या दिवशीच तयारीला लागावं लागतं, पाहुणे दारात आल्यावर होणारी ही भाजी नव्हे. दिवाळीनंतर पेण, कर्जतकडे गेलात तर सकाळी लवकर बाजार गाठा, आणि वाट्याबरोबर राख आठवणीने मागून घ्या.