टेलिफोनच्या लांब तारेवरचं ब्रॉडबँड : आठ महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव एक्सचेंजपासून चार किलोमीटरच्या वर. कनेक्शन घेतलं तेव्हा मोडेम जेमतेम १.१ एमबीपीएसवर जुळायचा आणि संध्याकाळी तीन-चार वेळा तुटायचा. तक्रारी करून थकलो. शेवटी लाईनमन दादाच म्हणाले, "भाऊ, एक्सचेंज तं इकडं आणता येत नाही. घरातली तार पाह्यली काय?"

खरं सांगतो, तोवर पाहिलीच नव्हती. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून उघडणाऱ्या मोडेमच्या पानावर अटेन्युएशन, म्हणजे वाटेत गळणारा सिग्नल, ५८ डेसिबल दिसत होतं. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत किलोमीटरमागे साधारण १४ डेसिबल सिग्नल गळतो, म्हणजे अंतराचा हिशेब बरोबर जुळला. ते काही कमी होणार नव्हतं. पण एसएनआर मार्जिन, म्हणजे लाईनवरच्या गोंगाटात सिग्नल टिकायला हाताशी उरलेला वाव, कधी ७, कधी ४ डेसिबल असं खालीवर होत होतं. सहाच्या खाली गेलं की लाईनचा भरवसा नाही.

मग एका रविवारी सगळे फोन काढून मोडेम थेट ओसरीतल्या पहिल्या रोझेटला (बाहेरून आलेली तार जिथे संपते त्या भिंतीवरच्या डबीला) लावला. जागच्या जागी १.९! आईच्या खोलीतल्या फोनसाठी मागे ओढलेली जोडतारच सिग्नल खात होती. ती तोडली. वळचणीखालचा जोड उघडला, तर चिकटपट्टीच्या आत तांबं हिरवं पडलेलं, बोट लावताच एक धागा तुटून हातात आला. तिथून रोझेटपर्यंत पीळ असलेली नवी जोडी टाकली. फोन स्प्लिटरमधून (आवाज आणि नेटचा सिग्नल वेगळा करणाऱ्या डबीतून) घेतला आणि मोडेम ओसरीतच ठेवून आत लॅनची केबल नेली. फोनची तार घरात लांबवण्यापेक्षा लॅनची लांबवा, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

संध्याकाळचं तुटणं मात्र थांबेना. त्याचं कारण फवारणीच्या बॅटरी पंपाचा चार्जर निघाला. तो मोडेमशेजारच्याच बोर्डात लागायचा, आणि लावला की मार्जिन तीनने खाली. चार्जर गोठ्यात हलवला.

टेलिफोनच्या तारेवरून नेट देणाऱ्या एडीएसएल तंत्राचा पुढचा प्रकार म्हणजे एडीएसएल टू प्लस; त्याचा २४ एमबीपीएसचा आकडा आपल्यासारख्यांसाठी नाही. त्याचा वरच्या फ्रिक्वेन्सीचा पट्टा इतक्या लांबीवर पोचतच नाही. मी मोडेममध्ये जी.डीएमटी, म्हणजे जुनं साधं एडीएसएल, निवडलं, वेग तेवढाच राहिला पण लाईन स्थिर झाली.

आता २.४ वर जुळतो, चार-चार दिवस तुटत नाही. पावसाळ्यात बाहेरच्या जोडात पाणी शिरलं तेव्हा पुन्हा घसरला होता. अशा वेळी फोन उचलून एक आकडा दाबायचा, डायल टोन गेला की शांतपणे ऐकायचं. खरखर आली तर "नेट स्लो" न म्हणता "फोनवर खरखर आहे" अशीच तक्रार नोंदवा. माझ्याकडे त्या तक्रारीवर दुसऱ्याच दिवशी माणूस आला, आधीच्या पाचांवर कोणी फिरकलं नव्हतं.

मुलीचा ऑनलाईन क्लास आता न अडता चालतो. त्याच वेळी दुसऱ्याने व्हिडिओ लावला तर मात्र अडतो, म्हणून सकाळी दहा ते बारा बाकीचे सगळे मोबाईल वायफायवरून काढलेले असतात.