आजोबांची माळ की नामदेवांची गोष्ट?

वारकरी घरात मुलांपर्यंत संस्कार पोचवायचे दोन मार्ग: आजोबांची तुळशीची माळ हातात देणं, नाहीतर रात्री गोष्ट सांगणं.

गोष्ट सोपी. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव (१२७०–१३५०) तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. रामेश्वरला न्यायची गंगेची कावड एकनाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, यावर तर प्रश्नांची सरबत्ती होते. पण मुलाच्या लेखी हे दोघंही परीकथेतल्या राजाच्या शेजारीच बसतात.

माळेचं तसं नाही. १०८ मणी, घासून गुळगुळीत झालेले, दोऱ्याला अजून बुक्क्याचा वास. ही गळ्यात पडली आणि आजोबांनी मटण-दारू सोडली, एकादशी धरली, एवढं सांगितलं की मुलगी गप्प होऊन मणी मोजू लागते. मग विचारते, "बाबा, तू का नाही घातलीस?" तिथे पंचाईत. (माझी झाली.) गोष्ट सांगणारा असा सापडत नाही.

आधी गोष्ट, सात-आठ वर्षांनंतर माळ, असा माझा कल. फक्त ती काचेच्या कपाटात ठेवू नका. दोरा तुटला तर पुन्हा ओवता येतो.