डायफ्रॅम की स्त्री-कंडोम?

सांगलीच्या बाजारपेठेतील औषध दुकानात साधा ‘निरोध’ मागतानाही अनेकींचा आवाज खाली जातो. मग स्त्रीने स्वतः वापरायची, शुक्राणूंना वाटेत अडवणारी गर्भनिरोधक साधने फारशी ठाऊक नसावीत, यात नवल नाही.

डायफ्रॅम ही गर्भाशयमुखावर बसवायची सिलिकॉनची उथळ वाटी असून तिच्यात शुक्राणुनाशक जेल घालावे लागते. संबंधानंतर ती किमान 6 तास आत ठेवावी, मात्र एकूण 24 तासांहून अधिक नाही. धुऊन ती पुन्हा वापरता येते. परंतु बहुतेक प्रकारांसाठी माप डॉक्टरांकडून घ्यावे लागते आणि बाळंतपणानंतर ते बदलू शकते.

स्त्री-कंडोम, म्हणजे योनीत बसवायची, दोन्ही टोकांना कडे असलेली मऊ पिशवी, एकदाच वापरायचा. त्याचे आतले कडे अंगठा व बोटाच्या चिमटीत दाबून लांबट करावे आणि आत सरकवावे. बाहेरचे कडे बाहेरच राहते. सोबत पुरुषाचा कंडोम वापरू नये.

नेहमीच्या वापरात वर्षभरात 100 पैकी सुमारे 17 जणींना डायफ्रॅम वापरूनही, तर सुमारे 21 जणींना स्त्री-कंडोम वापरूनही गर्भ राहतो. तांबी याहून कितीतरी खात्रीची. तरीही एचआयव्हीपासून बचाव या दोहोंत कंडोमच करतो, म्हणून नवरा मुंबईहून अधूनमधून गावी येणाऱ्या साताऱ्याकडच्या स्त्रीला मी तोच सुचवेन.