बेळगावच्या हिंडलगा तुरुंगाजवळची झेरॉक्सची टपरी

नुसत्या चहासाठी जाणार असाल तर जाऊ नका. साखर एवढी की दुसरा घोट नको वाटतो, आणि खारी कायम मऊ पडलेली. एक स्टार त्याचाच कापलाय. पण ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी आधी इथंच जावं.

मी खानापूरकडची. नवरा आठ महिने झाले आत आहे, केस अजून उभी राहायचीय. कर्नाटक सरकारच्या 'शक्ती' योजनेत बायकांना बसचं झिरो तिकीट आहे म्हणून महिन्यातनं दोनदा येणं जमतं. पहिल्या भेटीला आले तेव्हा आधारची झेरॉक्स नव्हती आणि अर्ज कानडीत. मला कानडी बाजारापुरतं बोलायला येतं, लिहायला नाही. टपरीतल्या मामांनी लिहून दिला. १० रुपये, झेरॉक्सचे ३ वेगळे. कैद्याचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, नातं विचारलं. काय केलं म्हणून आत आहे, ते विचारलं नाही. आजवर एकदाही नाही. गल्लीत मी 'गोव्याला कामाला गेलेत' म्हणून सांगितलंय. आमच्याकडची कितीतरी माणसं तिकडंच असतात, खपून जातं.

मोबाईल आत नेता येत नाही. तो इथं ठेवायचा, १० रुपये, नंबराचा बिल्ला मिळतो. एकदा मी आत असताना पोराच्या शाळेतनं दोनदा फोन आला. मामांनी उचलला नाही. "वैनी, मी उचललो असतो तर कुठनं बोलतोय ते सांगायला लागलं असतं," म्हणाले.

बाकड्यावरच्या बायकांकडून कळतं ते वेगळंच. निपाणीची विड्या वळणारी एक अक्का म्हणाली, कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत, १५१०० ला फोन लाव. तोवर माझी बोरमाळ वकिलाच्या फीपायी गहाण पडली होती. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० आले की आधी तिचं व्याज.

अमावास्येला टपरी बंद असते, तेवढं बघून या. आणि सुट्टे घेऊन या, नाहीतर मामा उरलेल्या पैशांची चॉकलेटं हातावर ठेवतात. मी मात्र मुद्दाम नोट देते. ती चॉकलेटं घरी पोराला 'पप्पांनी गोव्याहून पाठवली' म्हणून देता येतात.